सासऱ्यांच्या दारावरचा बूम

वकीलसाहेबांना पाण्यात पडल्याचा राग नव्हता. माणूस होडी घेतो म्हणजे कधीतरी पाण्यात पडणारच, एवढं त्यांना मान्य होतं. राग होता तो सासऱ्यांच्या देखत पडल्याचा. सासरे निवृत्त न्यायाधीश. ते तलावाच्या काठी खुर्ची टाकून शर्यत बघत बसले होते. होडी उलटली, वकीलसाहेब नाकातोंडातलं पाणी काढत वर आले, आणि त्यांनी काठाकडे बघितलं, तर सासरे शांतपणे चष्मा पुसत होते. पुसून त्यांनी तो पुन्हा डोळ्यांवर चढवला. म्हणजे सगळं पाहिलं होतं, आणि आणखी पाहायची तयारी होती.

"मी दावा लावणार आहे," संध्याकाळी डोक्याला टॉवेल गुंडाळून वकीलसाहेब म्हणाले.

"कुणावर?" बायकोने विचारलं.

घोडं नेमकं तिथेच अडत होतं. वाऱ्यावर लावावा तर त्याचा पत्ता नाही. ज्याने ही जुनी होडी विकली तो गाव सोडून गेलेला. उरले साडू. होडी दोघा साडवांनी मिळून घेतली होती आणि उलटली तेव्हा सुकाणू साडूंच्या हातात होतं. म्हणजे प्रकरण तसं भक्कम होतं. पण साडूंना कोर्टात खेचायचं तर बायकोच्या सख्ख्या बहिणीची साक्ष काढावी लागली असती, आणि त्यानंतर घरात जेवण मिळालं नसतं.

साडू दातांचे डॉक्टर होते. आपण बोलायचं आणि समोरच्याने तोंड उघडं ठेवून ऐकायचं, याची त्यांना सवय होती. वकीलसाहेबांचा जन्म दुसऱ्याला बोलू न देण्यात गेलेला. त्यामुळे दोघांचं संभाषण म्हणजे दोन रेडिओ एकाच वेळी लावल्यासारखं होत असे. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले ते हसतमुखाने.

"निदान झालं!" ते म्हणाले. "आपल्याला व्हँग नाही."

"व्हँग? हे काय आडनाव आहे?"

डॉक्टरांनी कोपऱ्यातला झाडू उचलून उभा धरला, त्याला छत्री आडवी लावली. "हा झाडू म्हणजे आपली डोलकाठी. ही छत्री म्हणजे बूम, शिडाच्या खालची आडवी दांडी. मागून वारा आला की शीड फुगतं आणि बूम असा वर उचलला जातो. शीड पिळवटतं, होडी झुलायला लागते, आणि मग..." त्यांनी झाडू आणि छत्री दोन्ही सोफ्यावर आडवी केली. "ते होऊ नये म्हणून बूमला खालून एक दोरी बांधायची. कप्प्यांतून ओवायची, डोलकाठीच्या बुडाशी अडकवायची, आणि खाली ओढून धरायची. ही दोरी-कप्पी म्हणजे बूम व्हँग. सगळ्यांच्या होड्यांना असतो."

"सगळ्यांच्या? आणि आपल्याला नाही? हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"होतं की पहिल्यापासून."

"मग होडी घेताना बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलू दिलंत कुठे?"

वकीलसाहेबांनी यावर हरकत घेतली, पण तोवर डॉक्टर पेशंट वाट बघतायत म्हणून निघून गेले होते.

होडीच्या सामानाच्या दुकानदाराने तर मिठाचा खडाच टाकला. व्हँगचा तयार संच मागवावा लागेल, म्हणाला. रविवारच्या शर्यतीच्या आत काही येत नाही. दोरी आहे, रिव्हेट आहेत, दोरी अडकवायची दातेरी पकड आहे. फक्त कप्प्या नाहीत.

"कप्प्या नाहीत? होडीच्या दुकानात कप्प्या नाहीत?" वकीलसाहेब कडाडले. "उद्या औषधाच्या दुकानात गोळ्या मिळणार नाहीत!"

"बरेचदा मिळत नाहीत," दुकानदार म्हणाला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

धुमसत घरी आल्यावर वकीलसाहेब बाल्कनीत जाऊन उभे राहिले. वर बघितलं आणि त्यांचा राग क्षणभर निवला. छताला कपडे वाळत घालायच्या दांड्या होत्या, आणि दांड्या वर-खाली करायला कप्प्या. चांगल्या पितळी, मजबूत, वर्षानुवर्षं ओल्या चादरी पेललेल्या. जगाने माणसाची अडवणूक करायची ठरवलं तरी घरचं सामान घरच्या माणसाला अडवत नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी कप्प्या काढून घेतल्या आणि दांड्या तात्पुरत्या सुतळीने बांधून ठेवल्या.

सुतळी तात्पुरतीच टिकली. संध्याकाळी बाल्कनीतून मोठा आवाज आला. वकीलसाहेब धावत गेले. तिथे जमिनीवर ओल्या चादरींचा एक ढीग होता आणि ढिगाच्या मधोमध बायको उभी होती. तिच्या डोक्यावर उशीचा अभ्रा होता.

"अहो," अभ्र्यातून आवाज आला, "मला कुणाला नोटीस पाठवायची असेल तर ती कुठे मिळते?"

"अगं, फक्त रविवारपर्यंतचा प्रश्न आहे!"

"आणि तोपर्यंत चादरी तुमच्या होडीवर वाळत घालू का?"

वकीलसाहेबांना ती सूचना अपमानास्पद वाटली. ते कप्प्या पुसत बसले.

आता प्रश्न होता, व्हँग बसवायचा कुठे? होडी तलावावरच्या क्लबच्या आवारात होती. पण तिथे हातात पाना घेतला रे घेतला की चारी बाजूंनी माणसं जमत. कुणी म्हणे भोक इथे पाड, कुणी म्हणे तिथे पाड, आणि शेवटी सगळे मिळून विचारत की मुळात ही होडी घेतलीतच कशाला. वकीलसाहेबांनी निश्चय केला, काम घरी करायचं. होडी नको, डोलकाठी आणि बूम असले की पुरे. शनिवारी दुपारी त्यांनी दोन्ही वस्तू गाडीच्या टपावर बांधून आणल्या.

डोलकाठी खोलीत उभी राहीना. मग जिन्याची आठवण झाली. इमारतीचा जिना मधली जागा मोकळी सोडून गोल वर जात होता. तळमजल्यावर डोलकाठीचं बूड भिंतीच्या कोपऱ्यात दाबून बसवलं, शेंडा पहिल्या मजल्याच्या कठड्याला आवळून बांधला, आणि डोलकाठी अशी ताठ उभी राहिली की जणू इमारत तिच्याभोवतीच बांधली होती. बूम मात्र लांब. पॅसेजमध्ये तो एकाच दिशेला मावत होता, तिरका, थेट समोरच्या जाळीच्या दाराकडे तोंड करून.

ते दार सासऱ्यांचं होतं. जावई पहिल्या मजल्यावर आणि सासरे तळमजल्यावर, अशी व्यवस्था सासूबाई असतानाच झाली होती, आणि वकीलसाहेब तिला अजूनही एकतर्फी निकाल म्हणत.

"बूम बाबांच्या दारावर येतोय," डॉक्टर म्हणाले.

"बाबा झोपलेत. संध्याकाळच्या फिरण्याशिवाय ते दार उघडत नाहीत. तोवर आपलं उरकतं."

डॉक्टरांनी ड्रिल हातात घेतलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक व्यावसायिक शांती पसरली. "आता जरा आवाज होईल," ते बूमला हळूच म्हणाले. "घाबरायचं नाही." भोक मात्र सुरेख पडलं. त्यांनी रिव्हेट ठोकून कडी बसवली, दुसरी कडी डोलकाठीच्या बुडाशी बसवली. वकीलसाहेबांनी बाल्कनीतल्या कप्प्यांतून दोरी खाली-वर ओवली आणि तिचं टोक दातेरी पकडीतून बाहेर काढलं. पकड अशी होती की दोरी ओढली की दात तिला धरून ठेवत. ओढत जाल तेवढी आत घेणार, परत सोडणार नाही.

"दात उत्तम आहेत," डॉक्टर पकडीत डोकावून म्हणाले. "ओढा आता. हळू."

वकीलसाहेबांनी ओढलं. बूम दिमाखात खाली आला. कप्प्यांतून घेतलेल्या इतक्या वेढ्यांमुळे जोर केवढा वाढतो याची त्यांना कल्पना नव्हती. एका हाताने ओढलं तरी पाच माणसांचं बळ लागल्यासारखं होत होतं. आयुष्यात प्रथमच कुणीतरी त्यांचं म्हणणं चटकन ऐकत होतं.

"बास," डॉक्टर म्हणाले.

डॉक्टर बास म्हणाले नसते, तर वकीलसाहेब थांबले असते. त्यांनी आणखी एक हिसका दिला. बूमचं टोक खाली येऊन जाळीच्या दाराच्या मुठीवर खट्कन बसलं. मूठ वर केल्याशिवाय ते दार उघडत नसे.

"आता सोडा," डॉक्टर म्हणाले.

"सोडतो. कशी सोडायची?"

"दोरी आधी थोडी आणखी ओढायची. म्हणजे दात सैल होतात. मग वर उचलून काढायची."

"सोडण्यासाठी आधी ओढायची? हा कुठला कायदा?"

पण दुसरा इलाज नव्हता. दोघांनी मिळून ओढलं. दोरी बोटभर आत गेली, दातांनी तिला तिथेही धरलं, आणि मूठ थोडी आणखी दबली. पुन्हा ओढलं. पुन्हा तेच. वकीलसाहेब दोरीला नाही नाही ते बोलले. एवढ्यात बायको खरेदीच्या पिशव्या घेऊन आली. बूमखालून वाकून पलीकडे जात होती, तेवढ्यात तिलाही कामाला लावलं. तिघांनी पाय भिंतीला लावून जोर केला. दोरी आणखी आत गेली. डोलकाठी कुरकुरली. वर कठडाही कुरकुरला.

आणि जाळीच्या आतलं लाकडी दार उघडलं.

सासरे फिरायला जायच्या तयारीत होते. डोक्यावर टोपी, हातात काठी. त्यांनी जाळीची मूठ वर करून पाहिली. मग बूमकडे पाहिलं. मग जावयाकडे.

"जावईबापू, माझ्या दाराला काय झालंय?"

"काही नाही बाबा! एक किरकोळ तांत्रिक बाब आहे."

"बाब किरकोळ असेल, तर मी आत का?"

ज्यांनी उभ्या आयुष्यात कितीकांना गजांआड पाठवलं, ते आज जाळीच्या आड उभे होते आणि वकील बाहेर. वकीलसाहेबांना हे दृश्य आवडायला हवं होतं, पण त्यांनी नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं.

"साहेब, म्हणजे बाबा," त्यांनी घसा साफ केला. "वस्तुस्थिती अशी आहे, की माझ्या सहमालकांनी दिलेल्या अपुऱ्या माहितीमुळे..."

"मी बास म्हणालो होतो," डॉक्टर म्हणाले.

"उशिरा म्हणालात!"

"एकेकाने बोला," सासरे म्हणाले. त्यांनी आतून खुर्ची ओढून आणली आणि जाळीजवळ बसले. "आधी थोरले जावई."

वकीलसाहेब बोलले. होडी विकणाऱ्यापासून सुरुवात करून, दुकानदार, क्लब, आणि पकड बनवणारा अज्ञात कारखाना, सगळ्यांचा त्यांनी समाचार घेतला. त्यांच्या बोलण्यात सात्त्विक संताप होता, आवाजात कंप होता. आतल्या खुर्चीत सासऱ्यांनी दोनदा जांभई दिली. मग डॉक्टरांची पाळी आली. ते म्हणाले, "दोरी अडकलीय."

"कापा," सासरे म्हणाले.

"बाबा!" वकीलसाहेब ओरडले. "उद्या शर्यत आहे. दुकान बंद झालं. ही एकच दोरी आहे!"

"म्हणजे शर्यत होईपर्यंत मी आत?"

"तात्पुरता दिलासा म्हणून तुम्ही खिडकीतून..."

"खिडकीला गज आहेत."

"हो," वकीलसाहेब जरा खाली मान घालून म्हणाले. "ते मीच आग्रहाने बसवून दिले होते."

"आठवतंय मला."

बायको जिन्याच्या पायरीवर पिशव्यांना टेकून बसली होती. "बाबा, तुम्हाला काही हवं असेल तर जाळीतून देता येईल. चपटं असेल तर," ती म्हणाली.

सासऱ्यांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ते पुढे वाकून बूमकडे बघत होते. बुडाकडून टोकाकडे, टोकाकडून बुडाकडे. "तुम्ही सगळे मघापासून दोरीशीच भांडताय," ते म्हणाले. "बूम डोलकाठीला जिथे जोडलाय, तिथे एक खिळा दिसतोय. त्याच्याबद्दल अजून कुणीच काही बोललं नाही. तो निघतो का?"

तिघांनी तिकडे बघितलं. बूमचं डोलकाठीकडचं टोक एका आडव्या खिळ्याने जोडलं होतं. तो निघत होता. तो काढूनच तर बूम गाडीवर चढवला होता.

"निघतो," डॉक्टर म्हणाले.

"त्यावर माझा आक्षेप आहे," वकीलसाहेब म्हणाले, केवळ आपल्याला सुचलं नाही म्हणून.

डॉक्टरांनी छोटी हातोडी घेतली. "हात वर करा, दुखलं तर," असं सवयीने पुटपुटत त्यांनी खिळ्याला टिचक्या मारल्या. खिळा तसूतसूने सरकला, आणि शेवटच्या टिचकीला उडून पिशवीतल्या कांद्यांत जाऊन पडला. आधार गेल्याबरोबर बूमचं ते टोक खाली आलं. मूठ मोकळी झाली, दोरी सैल पडली, दार उघडलं. बूम मात्र जमिनीपर्यंत पोचला नाही. मधे वकीलसाहेबांच्या पायाचा अंगठा होता.

वकीलसाहेब एका पायावर पॅसेजभर नाचले. सासरे उंबरठ्यावर उभे राहून नाच संपायची वाट बघत राहिले.

"दावा," वकीलसाहेब कण्हत म्हणाले. "मी दावा..."

"उद्या शर्यत किती वाजता?" सासऱ्यांनी विचारलं.

"सकाळी. का?"

"ज्या यंत्राने मला माझ्याच घरात कोंडलं, ते पाण्यावर काय करतं ते मी प्रत्यक्ष बघणार. काठावरून नाही. होडीत बसून. याला स्थळपाहणी म्हणतात."

"पण होडीत दोघांचीच जागा आहे!"

"मी काठावर थांबतो की," डॉक्टर इतक्या तत्परतेने म्हणाले, की वकीलसाहेबांना त्यात कट दिसला.

रविवारी अंगठ्याला पट्टी बांधून वकीलसाहेब सुकाणूवर बसले. समोर टोपी घातलेले सासरे, छातीला केशरी जीवरक्षक जॅकेट बांधलेलं, हात मांडीवर. व्हँग सुंदर बसला होता. दोरी ताठ होती, पितळी कप्प्या उन्हात चमकत होत्या, आणि काल रात्री पकडीला लावलेल्या तेलामुळे दोरी आता नुसत्या बोटाने सुटत होती. बूम जिथे धरला होता तिथून तसूभरही वर येणार नव्हता.

शिट्टी झाली. सगळ्या होड्या निघाल्या, तलावाच्या मध्यापर्यंत आल्या, आणि वारा पडला.

पडला म्हणजे पार पडला. शिडं वाळत घातल्यासारखी लोंबू लागली. कुणाची होडी पुढे जाईना, कुणाची मागे येईना. व्हँग आपल्या जागी होता, ताठ आणि निर्दोष, आणि त्याला करायला काहीही काम नव्हतं.

"हा शुद्ध अन्याय आहे!" वकीलसाहेबांनी सुरुवात केली. "मागच्या रविवारी व्हँग नव्हता तर वादळ, आज व्हँग आहे तर..."

त्यांचं वाक्य अर्धं राहिलं. सासऱ्यांनी टोपी तोंडावर ओढली होती आणि मान खाली गेली होती. बाबांना झोप लागली होती.

एवढ्यात क्लबची मोटरबोट लांबून गेली. तिच्या लाटा आल्या, होडी डुलली आणि बूम या बाजूचा त्या बाजूला झुलत थेट टोपीच्या दिशेने निघाला. व्हँग बूमला वर जाऊ देत नाही, पण आडवं झुलायला त्याची ना नसते. वकीलसाहेबांनी झेप घेऊन बूम पकडला. टोपी वीतभर अंतरावर होती. सोडला तर पुन्हा झुलणार, म्हणून ते तसेच बसले, कमरेत वाकून, दुखरा पाय लांब करून, दोन्ही हातांनी बूम कवटाळून.

शेजारी एक होडी वाहत वाहत जवळ आली. तिच्यात एक उंच टोपीवाला गृहस्थ होता.

"अहो, बूम हाताने धरायचा नसतो!" तो ओरडला. "नवीन आहात वाटतं?"

वकीलसाहेबांनी ओठांवर बोट ठेवायचा प्रयत्न केला, पण बोटं मोकळी नव्हती.

"त्यासाठी व्हँग असतो, व्हँग! अरेच्चा, आहे की! हे काय, कपडे वाळवायच्या कप्प्या?" टोपीवाला खदाखदा हसला. "आणि म्हाताऱ्याला कशाला घेऊन आलात? वजन वाढतं!"

वकीलसाहेबांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. अब्रुनुकसानी, अपमान, शांततेचा भंग, सगळी कलमं ओळीने घशाशी येऊन उभी राहिली. त्यांनी तोंड उघडलं. सासऱ्यांच्या टोपीकडे बघितलं. तोंड मिटलं. टोपीवाला आणखी बरंच बोलला. शीड कसं बांधावं ते बोलला, पट्टी कशी बांधावी ते बोलला. वकीलसाहेब श्वास रोखून ऐकत राहिले. इतकं अन्यायकारक बोलणं इतका वेळ त्यांनी कुणाचंही, कोर्टातसुद्धा, उत्तर न देता ऐकलं नव्हतं. शेवटी ती होडी वाहत पलीकडे गेली.

"जावईबापू," टोपीखालून आवाज आला.

"अं? जागे झालात?"

"झोपलोच नव्हतो."

"मग मघापासून..."

"लग्नाला इतकी वर्षं झाली तुमच्या, पण तुम्हाला गप्प बसलेलं कधी बघितलं नव्हतं. म्हटलं, बघू किती वेळ जमतंय."

वकीलसाहेबांचा चेहरा संतापाने फुलला. त्यांनी मोठा श्वास घेतला.

"बूम सोडू नका," सासरे म्हणाले. त्यांनी टोपी वर केली आणि पलीकडच्या होडीकडे डोळे बारीक करून बघितलं. "तो माणूस कोण, ते काठावर गेल्यावर मला दाखवा. मला म्हातारा म्हणाला ते ठीक आहे. पण कप्प्यांना हसला. माझ्या मुलीच्या घरच्या कप्प्या आहेत त्या."

"बाबा, त्याला मी असा काही..."

"तुम्ही काही बोलायचं नाही. त्याच्याशी मी बोलणार आहे." रागाने त्यांची हनुवटी थरथरत होती. "तुम्ही फक्त माझी बाजू सोडू नका."

एवढं बोलून त्यांनी टोपी पुन्हा तोंडावर ओढली. पाणी आरशासारखं पडलं होतं. वकीलसाहेबांनी बूमवरची पकड जरा बदलली, दुखरा पाय नीट लांब केला, आणि ते पुन्हा गप्प बसले. या वेळी कुणी झोपलेलं नव्हतं तरी.